आत्यांची बघायची नोकरी

माझ्या नवऱ्याच्या आत्या जन्मभर दुसऱ्यांच्या घरात बसून बघत आल्या. चोरून नाही, चांगला पगार घेऊन. कॉलेजात त्या मानवशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी लागली की बॅग उचलून कुठल्यातरी वस्तीवर राहायला जायच्या. तिथले लोक कसे उठतात, कशावरून भांडतात, पाहुणा आला की जागा कोण देतं, हे सगळं बघायचं आणि त्यावर पुस्तकं लिहायची. लग्न करायला सवड झाली नाही, असं त्या सांगतात. सासूबाई म्हणायच्या, "बरंच झालं. नवऱ्याकडेही ती नुसती बघतच बसली असती."

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एकटं राहणं जमेना. वृद्धनिवासात नाव घातलं होतं, पण खोली रिकामी व्हायला अवकाश होता. "तोवर आमच्याकडे या," नवरा म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला! खाली आमची लाँड्री, वर दोन खोल्या. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं. राग माझ्या नाकावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पण आत्यांचा काडीचाही त्रास झाला नाही, आणि तीच माझी तक्रार. स्वतःचं अंथरूण स्वतः काढणार, ताट धुऊन ठेवणार, खिडकी उघडायची तरी "चालेल ना?" विचारणार. काहीही केलं तरी "फारच छान!" मग मीही शहाण्यासारखी वागायला लागले. माझ्याच घरात मी बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी बोलत होते. नवऱ्याशी भांडायचं तर बाथरूममध्ये जाऊन, तेही कुजबुजत.

दिवसभर आत्या खाली लाँड्रीत मशीनपाशी स्टुलावर बसायच्या. कोणी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर आमचे इस्त्रीवाले काका भांग पाडून यायला लागले. आत्या कमी बोलायच्या, पण विचारायच्या ते मात्र भलतंच. एकदा म्हणाल्या, "डाग पडलेला कपडा देताना लोक तो कसा पडला ते का सांगतात गं? तू तर विचारत नाहीस."

मी विचारात पडले. खरंच की! शाई सांडली, पोराने हात पुसले, गाडीत कुणाचातरी धक्का लागला, प्रत्येक जण सफाई देत असतो. इतकी वर्षं ऐकतेय, पण कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी हळूच आत्यांकडे बघायची आणि त्या गालात हसायच्या. धंद्यात मला पहिल्यांदाच मजा यायला लागली.

मग वृद्धनिवासातून निरोप आला. खोली तयार आहे, शनिवारपर्यंत काय ते कळवा. आत्या जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं, पण म्हणायचं कसं? तिथे वाचनालय आहे, बाग आहे, बरोबरीची माणसं आहेत. आमच्याकडे साबणाची वाफ. आत्याही ताकास तूर लागू देत नव्हत्या. त्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या, ते मी जिन्यात ऐकलं: "फार चांगली माणसं आहेत. पाहुण्यासारखं सांभाळतात मला." ते वाक्य मला लागलं.

शनिवारी सकाळी एका हॉटेलचे पांढरे टेबलक्लॉथ आले. संध्याकाळी त्यांच्याकडे समारंभ होता. फोन मान आणि खांद्यात धरून मी साबणवाल्याला धारेवर धरलं होतं आणि दुसरीकडे मशीन भरत होते. आत्या स्टुलावर होत्या. मशीन थांबलं, मी दार उघडलं. सगळे टेबलक्लॉथ गुलाबी! खालून निघाला आचाऱ्याचा लालभडक एप्रन.

"तो मला दिसला होता गं," आत्या शांतपणे म्हणाल्या.

"दिसला होता? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमची काहीतरी पद्धत असेल. आपण मध्ये बोलू नये."

इतक्या दिवसांचं माझं शहाणपण तिथेच संपलं. "पांढऱ्यात लाल टाकायची कुणाची पद्धत असते हो, आत्या? मूग गिळून बसायला इथे काय नाटक चाललंय? माझं गिऱ्हाईक तुटेल तेही बघत बसा! उठा आधी! बाह्या वर करा आणि ती बादली इकडे आणा!"

काकांची इस्त्री हवेतच थांबली. गल्ल्यावर बसलेल्या नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मी जीभ चावली, पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो? आत्या उठल्या आणि बादली घेऊन आल्या. बघते तर हसत होत्या.

"हसताय काय?" मी म्हटलं.

"दोर वळणाऱ्यांच्या वस्तीवर होते ना मी, तिथे असंच झालं होतं," त्या गरम पाण्यात कपडे बुडवत म्हणाल्या. "अंगणात धान्य वाळत घातलेलं, आणि शेळी येऊन खायला लागली. मी बघत राहिले. म्हटलं, शेळीचा वाटा ठेवायची प्रथा असेल. घरातली म्हातारी बाहेर आली आणि तिने मला फाडून खाल्लं! तोवर मला बसायला सतरंजी मिळायची, त्या दिवसापासून कामं मिळायला लागली. पुस्तकात मी यावर मोठा गंभीर अध्याय लिहिलाय. खरं तर मला नुसता आनंद झाला होता." मग म्हणाल्या, "शिकले मात्र काही नाही. आज पुन्हा तेच."

मला हसू आवरेना. आम्ही सगळ्यांनी दुपारभर ते कपडे पुन्हा भिजवले, पुन्हा धुतले. रंग ओला होता म्हणून निघाला. "हा कोपरा अजून गुलाबी आहे. परत घाल," आत्या मला सांगत होत्या, आणि मी घालत होते.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. मीच उचलला. वृद्धनिवासाचे व्यवस्थापक होते, खोलीचं काय ठरलं म्हणून विचारत होते.

"त्या नाही येणार. इथे माणूस कमी आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"कुणाचा होता?" आत्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मला न विचारता परस्पर नाही म्हणालीस?" आत्यांचा आवाज एकदम चढला. "मी काय चादर आहे का, या कपाटातून त्या कपाटात ठेवायला? माझ्या हातात द्यायचा होतास फोन!"

असा आवाज आम्ही कोणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "मग लावा परत," मी म्हटलं. ओल्या हातानेच डोळे पुसले. "जायचं तर जा. पण मला तुम्ही इथे हव्या आहात. आधीच सांगायला हवं होतं, नाही जमलं."

आत्यांनी टॉवेलला हात पुसले आणि फोन लावला.

"खोली दुसऱ्या कुणाला द्या," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरी आहे."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू रडत काय उभी राहिलीस? हॉटेलची गाडी येईल आता. घड्या कोण घालणार?"

मी मुकाट्याने घड्या घालायला बसले.