बिनमापाचा पोंचो

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याचं माप शिंपीमास्तरांच्या डोक्यात तयार असायचं. गळ्यातली टेप निव्वळ शोभेची, असं त्यांची थोरली बहीण म्हणायची. ही ताई मागच्या खोलीत बसून काजं करायची आणि पुढच्या खोलीतलं सगळं ऐकायची.

एका दुपारी मास्तरांच्या मुलीचा निरोप आला. तिला डोंगराळ भागात टपाल वाटायची नोकरी लागली होती. ‘बाबा, इथं पाऊस हटतच नाही. पाठीवर पिशवी घेतली की रेनकोट चढत नाही. एक पोंचो शिवाल का?’

मास्तर आणि त्यांची बायको वेगळे झाले तेव्हा ती दहा वर्षांची होती, आईबरोबर गेली. आता एकोणीस. मास्तरांचं भेटायला जाणं दर वर्षी ‘पुढच्या सुट्टीत’वर ढकललं गेलं आणि मग जायला तोंडच उरलं नाही. फोनवर फोटो यायचे, तेही खांद्यापर्यंतचे. एवढ्या वर्षांत लेकीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

“पोंचोला माप लागतच नाही,” मास्तर ताईला म्हणाले. जीव भांड्यात पडल्यासारखा आवाज. “मेंढपाळ काय टेप घेऊन बसायचे? चौकोनी घोंगडी, मधे डोक्यापुरती फट, झालं! खांद्याला शिवण नाही, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी शिरायला नको.”

मेण चढवलेलं जाड कापड त्यांनी सलग घेतलं, दुमडलं, फट कापली, गळ्याची कड पक्की केली. लांबीपाशी मात्र कात्री अडली. आखूड झाला तर गुडघे भिजणार. लांब झाला तर उतारावर पायात येऊन पोर तोंडावर आपटणार. तीन दिवस कापड टेबलावर तसंच.

“फोन करून विचार की,” ताई म्हणाली.

“काय विचारू? बापाला लेकीची उंची माहीत नाही म्हणून?”

“तिला ते ठाऊक नाही होय? गावाची मापं नजरेनं घेतोस आणि इथं घाम फुटतो! लाव फोन. नाहीतर मी लावते. मग मी काय काय बोलेन त्याची हमी नाही.”

मास्तरांनी फोन लावला. जेवणाचं झालं, चिखलाचं झालं. मग घसा खाकरून ते म्हणाले, “तुझी उंची किती गं, बाळा?”

पलीकडे पाऊस पत्र्यावर वाजत होता.

“पाच फूट सात इंच,” ती म्हणाली. मग जरा हळू, “आईपेक्षा उंच झालेय. तुमच्यावर गेलेय, म्हणतात सगळे.”

फोन ठेवून मास्तरांनी टेप जमिनीपासून भिंतीवर चढवली, पाच फूट सात इंचांवर खडूनं रेघ ओढली आणि समोर उभे राहिले. रेघ थेट त्यांच्या डोळ्यांना भिडली. ताई हातातली काजं टाकून दारात आली.

रेघेखाली, जिथं खांदे असतील तिथं, मास्तरांनी तळवा टेकवला. बऱ्याच वेळानं तिथून पोटरीपर्यंत टेप सोडली, आकडा लिहून घेतला. आणि मग, काही गरज नसताना, तेच माप पुन्हा एकदा घेतलं.