चौथा कोणीतरी पाहिजे

आमच्या घरात परदेश एकदाच घडला, तोही रंगाच्या डब्यांच्या जोरावर. नवऱ्याचं रायपूरच्या तात्यापाऱ्यात रंगाचं दुकान होतं. एका वर्षी त्याने इतके डबे विकले की कंपनीने खूश होऊन त्याला इतर दुकानदारांबरोबर ग्रीसच्या एका बेटावर पाठवायचं ठरवलं, जोडीने. जोडीने म्हणजे नवरा-बायकोने, असं कंपनीला वाटत होतं. कंपनीची माझ्या सासूबाईंशी ओळख नव्हती.

"मंग मी काय इथं भिंती पाहत बसू?" एवढंच त्या म्हणाल्या. नवरा वडिलांविना वाढलेला, एकुलता एक. आईला नाही म्हणणं त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हतं. तिसरं तिकीट निघालं. आमच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि मधुचंद्र म्हणून आम्ही बिलासपूरला त्याच्या मावशीकडे दोन दिवस राहून आलो होतो. त्यामुळे या बेटावर माझी बरीच भिस्त होती. हॉटेलवाल्याने खोलीत तिसरी खाट टाकून दिली. ती मधोमध टाकली नाही, हेच उपकार.

त्या सहलीचे फोटो बावीस वर्षं कपाटात पडून होते. चिकट पानांचा अल्बम, वर पातळ प्लास्टिक, आणि रायपूरचा उन्हाळा. फोटो पानांना असे चिकटले होते की जणू भाडेकरूच, निघायचं नावच घेईनात. पोरीने शिलाईचा दोरा फोटोखाली सरकवून एकेक सोडवला आणि मैत्रिणीकडून आणलेल्या स्कॅनरवर टाकला. तिला पुण्याला नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात जाईल. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती हिंदीत उत्तरं देते. पुण्यात तिचं काय होणार ते पुणेच जाणे.

"मम्मी, मेरे को पापा की एक फोटो ले जानी है," ती म्हणाली. "सिर्फ अपने घर वालों की. लेकिन हर फोटो में कोई ना कोई अंकल घुसा हुआ है!"

तिचं खोटं नव्हतं. बाप गेला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. लग्नाच्या फोटोंत तो मुंडावळ्यांआड. बारशाच्या फोटोंत तो आहे, पण सगळ्यांच्या मागे, पेढ्यांचा खोका सांभाळत. त्याचा चेहरा नीट दिसेल असे फोटो बेटावरचेच, आणि तिथे ते अंकल.

अंकलांचं कारण सासूबाई. तीन तिगाडा काम बिगाडा, हे त्यांचं घटनेतलं पहिलं कलम. तिघांनी शुभ कामाला निघायचं नाही, पानात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, आणि तिघांचा फोटो तर मुळीच काढायचा नाही. घरी हे चालून जायचं, कारण घरी चौथं माणूस कायम हजर असतं, नाही बोलावलं तरी. बेटावर आम्ही तिघंच. बाकीचे दुकानदार पहिल्याच दिवशी आम्हाला टाळायला शिकले. मग कॅमेरा बाहेर निघाला की सासूबाई हात वर करायच्या, "थांब रे. चौथा कोणीतरी पायजे." आणि स्वतःच आणायला निघायच्या.

म्हणजे आमच्या प्रत्येक फोटोला दोन परके लागायचे. एक काढायला, एक उभं राहायला. एका फोटोत आमच्या शेजारी वेटर आहे, हातातल्या ताटलीत कुणाचा तरी मासा गार होतोय. एकात काळ्या झग्यातला दाढीवाला पाद्री आहे. सासूबाईंनी आधी त्याच्या पाया पडून घेतलं, त्यामुळे तो फोटोभर घाबरलेला दिसतो. एक गोरी बाई समुद्रातून पोहून नुकती बाहेर आली होती. तिला सासूबाईंनी मनगटाला धरून आणलं आणि फोटोपुरती स्वतःची शाल गुंडाळली. बाई इतकी खूश झाली की शाल घेऊनच गेली. एकदा कुणीच मिळालं नाही तेव्हा गाढव उभं केलं. मी म्हटलं, "आई, गाढव मोजतात का?" त्या म्हणाल्या, "न मोजाले काय झालं? तुह्यापेक्षा शांत हाये."

जोडीचा फोटो काढावा, तर तो काढणार कोण? सासूबाईच. त्यांनी काढलेल्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघं फक्त गळ्याखाली आहोत. एकात आभाळाऐवजी त्यांचा अंगठा आहे. आणि कॅमेरा नवऱ्याच्या हाती गेला की तो भिंतींचे फोटो काढायचा. जग तिथे सूर्यास्त बघायला येतं, हा नखाने भिंत खरवडायचा आणि मला सांगायचा, "नुसता चुना आहे बघ. खाली प्रायमरही नाही." भिंतींचे फोटो एकूण एकोणीस निघाले. पोरीने तेही स्कॅन केले. म्हणाली, "पापा ने खींचे हैं ना."

पण घरच्यांचाच एक फोटो होता, आणि तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. जुन्या कुकरच्या गॅरंटीच्या पुस्तकात. मीच तिथे ठेवला होता.

सहलीच्या शेवटच्या दिवशी काढलेला तो फोटो. मी पाच दिवस अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून हसले होते. माझा जबडा दुखत होता, पोट ढवळत होतं आणि डोकं तापलं होतं. सासूबाई आइस्क्रीमवाल्याच्या दिशेने निघाल्या आणि माझा तोल गेला. "बस झालं! चौथा-बिवथा कोणी नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिघांच्या फोटोने काहीही होत नाही, आणि होत असेल तर मी बघून घेईन!" नवरा रेल्वेचं फाटक बंद झालेल्या स्कूटरवाल्यासारखा मध्येच थांबला, ना इकडे ना तिकडे. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता इथेच रणकंदन. पण त्या चुपचाप परत आल्या, आमच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला. त्या एवढ्या सहज हरल्या याचं नवऱ्याला हसू आवरेना. त्या फोटोत तो डोळे मिटून, मान मागे टाकून हसतोय. सासूवर मिळवलेला तो माझा एकुलता एक विजय.

अकरा महिन्यांनी तो गेला. दुकानात शटर वर करता करता छातीत कळ आली, संपलं. चौतीस वर्षांचा होता.

मी विज्ञान शिकवते. हृदयाची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. चार कप्पे, कोणती झडप कुठे उघडते, सगळं. तरी तेराव्याच्या दिवशी घरभर माणसं असताना मी कपाट उघडलं, अल्बममधून तो फोटो फाडून काढला आणि लपवला. मी बघून घेईन, असं मी म्हटलं होतं ना. ते वाक्य माझ्या कानात शिरलं ते निघेचना. आलेल्या बायकांपैकी एकीने पाळण्याकडे बघून पोरीच्या पायगुणाचा विषय काढला. सासूबाईंनी तिला हाताला धरून दारापर्यंत पोचवलं आणि तिच्या चपला अंगणात भिरकावल्या. मला पोरीसाठी बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. पोर निर्दोष ठरली, म्हणजे आता दुसरं कुणीतरी शोधतील. त्यांना तो फोटो आठवेल.

त्यांना आठवलं नाही, किंवा त्या बोलल्या नाहीत. बावीस वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो. दुकान विकलं, तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, पोर वाढवली. मिठावरून, पंख्याच्या वेगावरून, टीव्हीच्या आवाजावरून भांडलो. या एका गोष्टीवरून कधी नाही. दोनदा तो फोटो जाळायला घेतला. दोन्ही वेळा काडी ओढून झाली होती. पण तो हसत होता, आणि हसणाऱ्या माणसाला काडी कशी लावायची? परत कुकरच्या पुस्तकात. आता पोरीला तसाच एक फोटो हवा होता, आणि मी तिच्या तोंडावर सांगत होते, "नाही गं, नाहीच काढला तसा." कारण तिला दिला असता तर तिने आधी आजीला नेऊन दाखवला असता.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. मी फोटो लपवला आणि निगेटिव्ह विसरले. सदर बाजारातल्या स्टुडिओवाल्याने दिलेल्या पाकिटात त्या पट्ट्या तशाच होत्या. रविवारी दुपारी पोरीने त्यासुद्धा स्कॅनरवर टाकल्या आणि फोन टीव्हीला जोडला, आजीला मोठं दिसावं म्हणून. सासूबाईंना आता एका डोळ्याने धूसर दिसतं. त्या टीव्हीपासून दोन हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, शेंगा फोडत. पाद्री आला, त्यांनी नमस्कार केला. गाढव आलं, त्यांनी ओळखलं. मी स्वयंपाकघरात होते.

"अरे, ये तो अल्बम में थी ही नहीं," पोरगी म्हणाली.

मी धावले. पडद्यावर आम्ही तिघं होतो, दात काळे, केस पांढरे, आभाळ नारिंगी. पोरीने काहीतरी दाबलं आणि सगळे रंग जागेवर आले. तो तिथे होता, मान मागे टाकून. आणि मी, बावन्न वर्षांची बाई, हातात लाटणं, टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"काय झालं वं?" सासूबाई म्हणाल्या. "काहून उभी राहिली मधात?"

खोटं सुचलं असतं तर बोलले असते. सुचलं नाही. "आई, हा तिघांचा आहे," मी म्हटलं. "मी हट्ट केला होता. तुम्ही नको म्हणत होत्या. माझ्यामुळे निघाला हा फोटो. अन् मग तो..."

पोरगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तिघांचा कुठं हाये? चार हावो ना आपण."

मला वाटलं, आता यांचं डोकंही धूसर झालं.

"त्या दिवशी सकाळी तू न्हाणीत ओकून राहिली होती," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी बोटीत सारेच ओकले, ते अलग. पण बोट तं काल होती. आज जमिनीवर कायची बोट? एका खोलीत झोपत होतो आपण, मले तुह्या तारखा मालूम नोयत्या काय? तुह्या आधी मले समजलं. तीन महिने कोणाले सांगत नाई, म्हणून बोलली नाई मी. तू फोटोसाठी बोंबलली, तवा मी मोजलं. चार झाले. आली, उभी राहिली."

"मतलब," पोरगी हळू म्हणाली, "इसमें मैं हूँ?"

"हव. तूच तं चौथी हाये."

पोरगी उठून टीव्हीजवळ आली आणि माझ्या पसरलेल्या हाताखालून वाकून बघू लागली. मला आधी राग आला. दुसरं काही येण्याआधी मला रागच येतो. मी ओरडले, "मग बावीस वर्षं बोलल्या का नाहीत? मी इकडे काय काय डोक्यात घेऊन जगले!"

"तू कधी इचारलं? मले दिसलं, अल्बमातून फोटो गेला. मले वाटलं, तो असा हसते त्यात, तुले पाहवत नसंन. म्हणून म्या बी नाव नाई काढलं." मग त्या जरा चिडल्याच. "अन् फोटोनं कोणी मरते काय वं? इतकी शिकलेली तू! त्याचा बाप बी असाच गेला होता, छातीनं."

"मग पाच दिवस त्या लोकांना ओढून ओढून का आणत होत्या?"

"रीत हाये थे. रीत पाळा लागते."

मी रडायला लागले. चांगलं मोठ्याने, नाक वाहीपर्यंत, लाटण्यासकट. तो गेला तेव्हाही रडले नव्हते एवढं. पोरगी मला धरून उभी होती आणि तीही हुंदके देत होती. ते हिंदीत होते की मराठीत, कोण जाणे. रडल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. त्यांनी खुर्ची फरफटत आणखी पुढे आणली, पदराने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मला कमरेला ढकललं.

"सरक आता बाजूले," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा झाकून राहिली तू."