पुन्हा घेतलेली प्रार्थना

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. महाळुंग्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला होतो आणि रविवारी चिंचवडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गिटार घेऊन उपासनेची गाणी म्हणायचो. एका रविवारी पाळकांनी मला तरुण संघापुढे बोलायला उभं केलं. विषय होता मूर्तिपूजा. आजच्या मूर्ती दगडाच्या नसतात, गाडीपुढे, पॅकेजपुढे, क्रिकेटपटूंपुढेही आपण गुडघे टेकतो, असं मी ठासून सांगितलं. खाली बसल्या बसल्या शेजारच्याला विचारलं, "शूट केलंस ना?"

गाण्यांचे व्हिडिओ मी मोबाइलवरून टाकायचो. सुरुवातीला प्रभूचं नाव पसरावं एवढंच मनात होतं, हे खरं. पण नंतर कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या सुट्टीत, अगदी प्रार्थनेत डोळे मिटलेले असतानाही मनात एकच चालायचं, किती जणांनी पाहिलं?

त्याच महिन्यात मंडळीतल्या एका काकांना अर्धांगवायू झाला. आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस, वाचाही गेली. निघोज्यात दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. काकू मला म्हणाल्या, "बाळा, त्यांना तुझा आवाज फार आवडतो. एकदा येऊन प्रार्थना कर."

शिफ्ट सुटल्यावर गेलो. आधी मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला.

"हे कशाला रे?" काकूंनी विचारलं.

"लोकांना आशीर्वाद मिळेल, काकू."

त्यांनी काकांचं पांघरूण नीट केलं.

मी गायलो. मग काकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात बाहेरून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. मी व्हिडिओ पाहिला. माझा आवाज बुडाला होता.

"काकू, आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा करू."

पुन्हा तेच शब्द. आवाज जिथे मघाशी भरून आला होता, तिथेच पुन्हा भरून आणला. या वेळी काकांचा हात पांघरुणावरच राहिला. ते नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे मलाही कळलं, तरी मी थांबलो नाही.

त्याच रात्री व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुम्ही काल निघोज्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना केलीत, त्यांची मुलगी बोलतेय, जालन्याहून. पप्पांना काय झालंय?"

काकूंनी तिला कळवलंच नव्हतं. तिला आठवा महिना होता आणि आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. नणंदेनं तिला माझा व्हिडिओ दाखवला होता.

"माझा बाप असा पडलाय, हे मला मोबाइलवर कळावं? आईला विचारायचं तरी!" ती रडत होती.

"ताई, लगेच काढतो," मी म्हणालो. पण काढण्याआधी मी किती जणांनी पाहिलंय ते बघितलं. याआधी कधीच इतक्या जणांनी पाहिलं नव्हतं. क्षणभर बोट थांबलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी निघोज्याला गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "ती येतेय. डॉक्टर नको म्हणतायत, तरी येतेय. तू पाणी पी." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी काकांजवळ बसलो आणि म्हणालो, "काका, दुसरी प्रार्थना प्रार्थना नव्हती." त्यांनी डोळे मिटून घेतले. माफ केलं की थकले होते, कोण जाणे.

देवाच्या कृपेनं बाळंतपण सुखरूप झालं. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी गाणं दुसऱ्या कुणीतरी म्हणावं, असं काकांच्या मुलीनं पाळकांना सांगितलं. तिचं बरोबर होतं. मी मागच्या बाकावर बसलो. बाहेर पडताना काकूंनी बाळ माझ्या हातात दिलं. मुलगी बघत होती. तिनं ते लगेच काढून घेतलं नाही, इतकंच.