पिशवी तपासणी

आमच्या टीमला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपोआप गाडीत चढतात. जुन्नर-आंबेगावात बायकांच्या गर्भाशयाचे कॅन्सर नेमके किती होतात ते शोधायचं आणि जमेल तिची तपासणी करायची, हे आमचं काम. मॅडम डॉक्टर, मी नर्स, सलीमभाई ड्रायव्हर.

पेठला एका आजोबांनी ओट्यावरूनच निकाल दिला, की गावात असला आजार कुणालाच नाही. आतून आजींचा आवाज आला, "आजपातूर इचारलंय का कुनी?" मॅडम चपला काढून थेट चुलीपाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या घरी काकू म्हणाल्या, मी साधी मिसरी लावत नाही, मला कसला कॅन्सर? चहा पाजून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. चहा मात्र फक्कड होता.

आता, आमच्याकडे गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. म्हणून बेल्ह्याच्या बाजारात सलीमभाईंनी भोंग्यावरून पुकारा केला, "पिशवी तपासणी सुरू आहे!" भाजीवाल्या बायकांना वाटलं, प्लास्टिकबंदीवाले आले! बघता बघता साऱ्या कॅरीबॅगा पोत्यांखाली गडप. पिंपरी पेंढारच्या शांताबाई तर मेथीच्या ढिगावर ठिय्या मारून बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडं एक बी न्हाई, राव."

कुठली पिशवी ते मी कानात सांगितलं, तशा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की हसता हसताच तपासायला आल्या. अंगावरून जातं, पण वयानं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पिशवी काढली. कॅन्सर कुठवर पसरलाय याचा रिपोर्ट येईपर्यंत आमच्यापैकी कुणाला घास गोड लागेना. वेळेत सापडलंय, आता काळजी नाही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा सलीमभाई गाडीच्या काचा पुसायच्या निमित्तानं बाहेर गेले. मी देवाचे आभार मानले आणि सलीमभाईंच्या भोंग्याचेही.

पुढं एकदा त्याच बाजारात आम्ही गाडी लावली, तर शांताबाई समोर हजर. मागं त्याच भाजीवाल्या, तपासून घ्यायला आलेल्या. शांताबाईंनी मेथीनं गच्च भरलेली कापडी पिशवी मॅडमच्या मांडीवर ठेवली.

"एक पिशवी तुमी ठ्येवून घेतली, आता ही बी ठ्येवा. आन् सलीमभाऊ, बघून घ्या, प्लास्टिकची न्हाई."