चोरासाठी रायफल

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी सगळी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोक्यात चोर शिरला. घरात रायफल हवीच, पण कुठली? दोन वर्षं एक्सेल शीट चाललं होतं: वजन, नळीची लांबी, खांद्याला बसणारा धक्का, आणि शेवटच्या रकान्यात "हिला पेलेल का?" त्यावर काकू म्हणायच्या, "मला वीस पौंडांची कणकेची पिशवी पेलते. चोर येऊ दे फक्त."

काकांचं मन मात्र लिव्हरवालीवर बसलं होतं. "अरे, खालचा दांडा नुसता ओढला ना, खटॅक्! त्या आवाजानेच पळतो बघ." हा खटॅक् ते तोंडाने इतका झकास काढायचे की मीच दचकायचो.

परवा फोन आला, "घेतली रे! तिजोरीत ठेवलीय, एकदम सेफ. ये बघायला."

शनिवारी काकूंचा डबा परत द्यायला गेलो, तर घरी कुणीच नव्हतं. दारावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती:

"आम्ही देवळात गेलोय. दार नेहमीसारखं उघडंच आहे. डबे ओट्यावर ठेवावेत. रायफल बघायची असल्यास तिजोरीची किल्ली देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे आहे."