ढग फुटतो कसा, हे गावोगाव सांगताना

ज्या कुणी शाळेच्या पुस्तकात 'तारे वायूच्या ढगांपासून बनतात' एवढं एकच वाक्य लिहिलं आणि पुढचा धडा काढला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. अहो, बनतात कसे? एका ढगातून शेकडो तारे का? एकच मोठ्ठा गोळा का नाही? पोरांनी विचारूच नये अशी सोय करून ठेवलीत तुम्ही!

हा राग डोक्यात घेऊन नव्वदीच्या अखेरीस आम्ही तिघं कोल्हापूरच्या आसपास स्लाइड-शो करत हिंडलो. मी एम.एस्सी.ला, सविता माझ्याच वर्गातली, आणि प्रोजेक्टर सांभाळणारा बसू, कुरुंदवाडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. अशा हिंडण्यात किस्से पँटला कुसळं चिकटावीत तसे चिकटतात. घरी येऊन झटकायला बसलं की कळतं, किती आहेत ते!

हिंडण्याला कारण होतं. कॉलेजच्या गच्चीवरची खोली आम्हाला खगोल मंडळासाठी हवी होती. तीच कॅरमवाल्यांनाही हवी होती. प्राचार्य म्हणाले, "तुमचा विषय माणसांना कळतो, हे दाखवा. शेवटच्या कार्यक्रमाला मी स्वतः येईन. लोकांना कळलं तर खोली तुमची. नाहीतर कॅरम."

कॅरम! एकीकडे तारे आणि दुसरीकडे सोंगट्या!

*

चंदगडला ऐन पावसाळ्यात जायची अक्कल माझी. शाळेच्या खिडक्यांतून धुकं आत आलं आणि प्रोजेक्टरच्या झोतात तरंगायला लागलं. पडद्यावर काही दिसेना.

मी म्हटलं, संधी आहे! "अवकाशातला ढगही असाच, फक्त फार थंड आणि फार विरळ. तो स्वतःच्याच वजनानं आत कोसळायला लागतो. कोसळता कोसळता त्याचे तुकडे पडतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक तारा!"

मागून घोंगडं पांघरलेले एक आजोबा उठले.

"मास्तर, ढगातनं तारं हुत असतं, तर आमच्या चंदगडात पाय ठेवायला जागा ऱ्हायली असती व्हय?"

*

कुरुंदवाडला सविता म्हणाली, "नुसतं बोलून भागत नाही. लोकांचाच ढग करूया."

मैदानावर माणसं विखरून उभी केली. नियम सोपा. शिट्टी वाजली की मैदानाच्या मध्याकडं चालायचं, पण वाटेत जिकडं गर्दी दाट दिसेल तिकडं ओढलं जायचं. खऱ्या ढगात जिथं थोडा जास्त वायू असतो, तिथंच आजूबाजूचा वायू खेचला जातो, तसं.

शिट्टी वाजली. काय सुंदर पुंजके तयार झाले! मी हुरळून जवळ गेलो, तर प्रत्येक पुंजका म्हणजे एकेक गल्ली! परक्या गल्लीकडं एकही माणूस ओढला गेला नव्हता.

मधोमध एक गृहस्थ एकटेच उभे. सवितानं विचारलं, "पावणं, तुम्ही कुणाकडंच गेला नाही?"

"मी जावई हाय गावचा. गल्लीवाली घेत न्हाईत आनि सासरा सोडत न्हाय!"

"उरलेला गॅस," बसू माझ्या कानात म्हणाला. आणि खरंच, ढगातला बराचसा वायू कुठल्याच ताऱ्यात न जाता भटकतच राहतो.

*

वारणानगरला कामगारांच्या कॉलनीत एका मुलीनं विचारलं, "तुकड्यांचे तुकडे होत होत शेवटी भुगा का होत नाही?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. हाच तर प्रश्न! मी सुरू झालो. सुरुवातीला ढग आपली उष्णता बाहेर टाकत राहतो, म्हणून दाटला तरी थंडच असतो. जितका दाट, तितका लहान तुकडाही स्वतःच्या जोरावर कोसळू शकतो. पुढं एकेक तुकडा इतका दाट होतो की उष्णता आतच अडकते, दाब वाढतो आणि फुटणं थांबतं.

"थोडक्यात," मी म्हणालो, "थंड आहे तोवर फुटतो, तापला की थांबतो!"

एक फिटर उभे राहिले. "उलटं सांगतायसा की! तापलं की फुटतं! थंड डोक्यानं येगळी झालेली भावकी दाखवा, मटणाचं जेवण माज्याकडनं!"

परतीच्या एसटीत बसू एकेक नातेवाईक आठवून बघत होता. एकही सापडला नाही.

*

शेवटचा कार्यक्रम कागलच्या वाटेवरच्या एका गावात. नाव सांगत नाही. प्राचार्य कॉलेजच्या जीपमधून आले आणि पहिल्या खुर्चीवर बसले.

सरपंचांनी स्वागत केलं. "आजूबाजूच्या गावात तीन-तीन गणपती बसत्यात. आमच्यात एकच मंडळ, एकच गणपती. आजवर फूट न्हाय!" टाळ्या!

मग मी. चार स्लाइड झाल्या आणि लोक जांभया द्यायला लागले. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मला कॅरमचा आवाज ऐकू यायला लागला. मी स्लाइड बंद करायला लावल्या.

"समजा, एक गाव आहे. एकच मंडळ. माणसं विरळ. चौघांनी वेगळं व्हायचं म्हटलं तर मांडवाचा बांबू धरायला माणूस नाही. म्हणून गाव एक! पण माणसं दाटत गेली की खालच्या गल्लीत स्वतःचा मांडव घालण्याइतकी गर्दी आपोआप होते. वरच्या गल्लीतही होते. भांडायची गरजच नाही! जो तो आपापल्या वजनावर वेगळा. एकाची दोन, दोनाची चार. ढगाचं नेमकं असंच होतं!"

सभा ताडकन जागी झाली. माना डोलायला लागल्या. प्राचार्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यांदा हसले. सविता कडेला उभी राहून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, शाबासकी!

मागून एक तरुण उठला. "म्हंजे आमची खालची गल्ली आता तेवढी दाट झाल्या म्हणा की!"

"अगदी!" मी म्हणालो.

"आनि आमची वरची?" दुसऱ्या कोपऱ्यातून.

"तीही!"

सरपंच उठून उभे राहिले, पण तोवर लोक उठलेच होते. घोळक्याघोळक्यानं, जोरजोरात बोलत, चार दिशांना. आभार मानायला समोर कुणी उरलं नाही.

प्राचार्य जीपपाशी आले. ड्रायव्हर गर्दीतून नुकताच परतला होता. त्यांनी त्यालाच विचारलं, "काय हो, लोकांना कळलं का?"

"कळलं म्हंजे! मगाशी सगळ्यांचा मिळून एकच च्या ठेवलता, आता चार जागी आधण चढलंय. आपुन पयला कुठं प्यायचा, तेवढं सांगा सर."