साहेबांसाठी रोवलेली ज्वारी

नोकरी टिकवायला माणूस किती खाली वाकतो याचा मला चांगला अंदाज आहे, कारण मी पहार घेऊन वाकलो होतो. चिखलात. आणि तेही स्वतःच्याच रानात.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात त्या हिवाळ्यात आधी फुकटची फळं बंद झाली. मग कॉफीच्या यंत्रातलं दूध संपलं ते संपलंच. पण एचआरच्या बाई जिन्यात थांबून सगळ्यांशी गोड हसायला लागल्या, तेव्हा लोकांनी टेबलावरचे पोराबाळांचे फोटो गुपचूप घरी न्यायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीला आतून कागद चिकटवला गेला. आत गेलेला माणूस थोड्या वेळानं बाहेर यायचा, बॅग उचलायचा, आणि आम्ही बाकीचे आपापल्या स्क्रीनकडे असे टक लावून बघत बसायचो, जसं काही तिथं आमचंच बाळ रांगतंय. कालपर्यंत ज्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लं, त्याला लिफ्टपर्यंत सोडायलाही कोणी उठायचं नाही. मला स्वतःची किळस यायची. पण पगारही यायचा.

आमच्या टीममध्ये एकाच कामाला दोघं होतो. एक मी आणि दुसरा सांगलीजवळच्या माधवनगरचा. दोघांतला एक जाणार, हे पाण्याचे जार बदलणाऱ्या माणसालाही माहीत होतं. तो आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघायचा.

एका दुपारी जेवताना आमचे साहेब म्हणाले, "मी आयुष्यात हुरडा खाल्लेला नाही, यार."

वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडातून निघालं, "सर, आमच्या रानात या की! घरचा हुरडा!"

माधवनगरकरानं भाकरी चावायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. साहेब खूश झाले. म्हणाले, सगळ्या टीमलाच नेऊ. एचआरच्या बाईंनी टाळी वाजवली. अडचण एवढीच, की आमच्या रानात ज्वारी नाही. रहिमतपूरजवळचं आमचं शिवार पाणी आल्यापासून नुसता ऊस पिकवतं. दुसरं काही उगवलंच तर आम्ही त्यावर तणनाशक मारतो.

वडिलांना फोन केला. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत.

"तात्या, आमचे साहेब हुरडा खायला यायचेत."

"येऊ द्यात की. कुणाकडं?"

"आपल्याकडं."

पलीकडे तात्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "उसाचा हुरडा करतोयस व्हय रं?"

हुरड्याची कोवळी कणसं विकत मिळतात, ते मलाही कळत होतं. पण मी 'घरचा हुरडा' म्हणालो होतो, आणि साहेबांनी त्यावर "मला उभ्या ज्वारीत फोटो काढायचाय" असं जाहीर केलं होतं. ज्वारी उभी पाहिजे होती. शेवटी लाज सोडून ज्याची नोकरी घालवायला मी निघालो होतो त्यालाच विचारलं. माधवनगरकराचा मामा जतकडे ज्वारी करतो. हा लगेच म्हणाला, "गड्या, टेंपोभर ताटं आणतो, कणसांसकट. रोवायला मला पण बोलव म्हंजे झालं." त्याच्या जागी मी असतो तर जतचा रस्ताच चुकीचा सांगितला असता.

ठरल्या दिवशी पहाटे टेंपो आला. बुडख्यातून कापलेली, पुरुषभर उंचीची हिरवी ताटं. ऊस तुटून गेलेल्या पट्टीत आम्ही पाणी सोडून ठेवलं होतं. मी पहारीनं भोकं पाडत होतो, माधवनगरकर एकेक ताट रोवत होता, आणि तात्या बांधावर हात मागे बांधून उभे होते.

"तात्या, जरा हात लावा की."

"जनरल साब मुआयन्याला यायचे तवा आमी बी दगडांना चुना लावायचो," तात्या म्हणाले. "झाडांच्या बुंध्याला गेरू मारायचो. पर पीक न्हाई रोवलं कवा." आणि थुंकले. ते तंबाखू खात नाहीत.

आई घरातून शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं गाडगं घेऊन आली. रोवलेली ज्वारी बघून तिनं तोंडाला पदर लावला. "आवं, वारं सुटलं तर?"

"म्हणूनच ही दोरी बांधतोय, काकू," माधवनगरकर म्हणाला. खरंच बांधत होता. मधल्या ओळीला आडवी सुतळी, लांबून दिसू नये अशी. लय मन लावून.

साहेब सगळी टीम घेऊन आले ते पांढराशुभ्र कुर्ता आणि गवती टोपी घालून. गाडीतून उतरताच ज्वारीत शिरले. दोन्ही हातांनी ताटं कवटाळून फोटो काढू लागले, आणि त्यातलं एक ताट अलगद त्यांच्या हातात आलं. खाली मूळ नाही, विळ्याचा तिरका काप.

"अरे वा, किती सहज निघतं!" साहेब म्हणाले.

तात्या सावधान उभे राहून बोलले, "जमीन भुसभुशीत हाय, साहेब." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

मग आगटीत गोवऱ्या पेटल्या, कणसं भाजली, गरम दाणे हातावर चोळून साहेबांपुढे ठेवले. चोळायचं काम मीच घेतलं. तळहाताला फोड आले तरी मी फुंकर मारून कोंडा उडवत होतो आणि साहेबांच्या पानात कोंड्याचा एक कण राहू देत नव्हतो. लहानपणी मला कोणी असं भरवलं नसेल. साहेब चटणीची बोटं चाटत म्हणाले, "मग हे सगळं तुमचंच?"

आता इथं गप्प बसायचं होतं. पण दिवसभराचा सगळा लाचारपणा पोटात साचला होता, त्याला कुठून तरी ऐट होऊन बाहेर यायचं होतं. मी हात लांब केला. "त्या लिंबापर्यंत."

लिंबापर्यंत आमची अख्खी भावकी येते. आमचा त्यात एक तुकडा, तोही चुलत्यांबरोबर सामाईक.

"आणि ती विहीर?"

"आपलीच."

"तो ट्रॅक्टर?"

"आपलाच."

ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या कुणाचा तरी होता. तेवढ्यात त्याचा मालक येऊन तो चालू करून घेऊन गेला. मी त्याला मालकाच्या रुबाबात हात केला. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, मग मलाच हात केला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून गोठ्याकडे गेले. परत आलेच नाहीत. एचआरच्या बाईंनी जाताना चटणीचा डबा मागून घेतला, आणि शेंगांची पिशवी न मागता.

पुढच्या आठवड्यात मला काचेच्या खोलीत बोलावलं. आत साहेब, बाई, पाण्याचा पेला आणि कागदी रुमालाचा डबा. त्या डब्याकडे बघूनच मला कळलं.

"दोन जागांची एक करावी लागतेय," साहेब म्हणाले. आवाजात कफ अडकावा तसा कळवळा. "आम्ही माणुसकीनं विचार केला. त्याच्यामागे कर्जाचे हप्ते आहेत, भाड्याच्या घरात म्हातारे आईवडील आहेत. तुझं तसं नाही. तू तर राजा माणूस! मी तिथं उभा होतो ना, मला तुझा हेवा वाटला."

"तुमच्या आईंच्या हातची चटणी अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे," बाई म्हणाल्या.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही अंघोळ करावीशी वाटते. मी म्हणालो, "सर, ती ज्वारी खोटी होती."

"हो, हो."

"सर, रोवली होती आम्ही! जतवरून टेंपोनं आणून! लिंबापर्यंतचं रान भावकीचं आहे. ट्रॅक्टर तर कुणाचा मला माहीत पण नाही. आमच्याकडं काही नाही, सर!"

बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. साहेब त्यांना हळूच म्हणाले, "धक्का बसतो. प्रत्येकाचं वेगळं असतं." मला एक नंबर दिला, मन मोकळं करायला. फुकट होता, महिनाभर.

माधवनगरकर तेवढा लिफ्टपर्यंत आला. "गड्या, ज्वारी माझ्या मामाची, अन् गेलास तू," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पुढच्या फेरीत तोही गेला. माणुसकीनं विचार करूनच काढला असणार.

मी गावाला आलो. मिळतील तशी छोटी कामं घरूनच करायला लागलो, म्हणजे दिवसभर लॅपटॉप उघडा ठेवून सगळीकडे अर्ज पाठवायला लागलो. गावात आमची कथा पोचली होती. पारावर कोणी ना कोणी तात्यांना विचारायचं, "सुभेदार, एका दिवसाचं पीक घेता म्हणं? बियाणं कुठलं?" तात्या टोपी झटकून उठायचे. पण पावसाळा सरताना त्यांनी त्याच पट्टीतला खोडव्याचा ऊस उपटून काढला आणि ज्वारी पेरली. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हिवाळ्यात ती कणसांवर आली. मी बांधावर उभा असताना फोन वाजला. साहेब. मधल्या काळात काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाले, "काय राजा! नवी टीम आहे, सगळ्यांना तुझ्या रानाबद्दल सांगितलंय. यंदा हुरडा कधी? आणि हो, एक जागा निघतेय. तिथं आलो की बोलू."

"या की सर!" मी म्हणालो.

मी म्हणालो, म्हणजे माझी जीभ म्हणाली. माझा यात काही हात नव्हता. कंबरसुद्धा आपोआप थोडी वाकली. फोनवर! समोर पाहिलं तर ज्वारीत पाखरं हाकत तात्या उभे. त्यांनी ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. चपलेखाली काही आलं की माणूस खाली बघतो, तसं ते माझ्याकडे बघत होते.

अर्जांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं. ती जागा मला हवी होती. आजही हवी आहे, खोटं कशाला बोलू.

"पण सर," मी म्हणालो, "हुरडा नाही. रान विकलं."

"काय? सगळं?"

"लिंबापर्यंत."

पलीकडे साहेब चुकचुकले. मग म्हणाले, "अरेरे. मग दुसरं कुठलं ठिकाण माहितेय का तुला?"

जागेचं पुन्हा नाव निघालं नाही. मी फोन बंद न करता तसाच खिशात टाकला. तात्या जवळ आले.

"कुणाला इकलंस रं?"

त्यांनी शेजारचं एक ताट धरून माझ्या हातात दिलं. "वडून बघ."

मी ओढलं. मग दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढलं. पातं तळहातात शिरलं, रक्त आलं, मी धप्पकन बांधावर बसलो. ताट जिथल्या तिथं उभं होतं. तात्या पाखरं हाकायला वळले, आणि माझ्या खिशातून साहेब "हॅलो, हॅलो" करत राहिले.